बंदोबस्त कोणासाठी?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरोडा हे गाव सातारा-सांगलीच्या वाचकांना परके नाही. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात तेथील शाळेत शिक्षक होते. १२ मे १९३० रोजी याच गावी मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून आलेल्या सत्याग्रहींनी तेथे लाठ्या खाल्ल्या. त्याच शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर आज तंटा आहे तो पंचतारांकित पर्यटन प्रकल्पाचा. १९९० च्या दशकात शासनाने पर्यटनासाठी म्हणून येथील जमीन संपादित केली. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडील ५४.४० हेक्टर जमीन ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याने ताज समूहाच्या इंडियन हॉटेल्स कंपनीस देण्याचा निर्णय घेतला. ज्या क्षेत्रात आपली घरे, माडाच्या बागा आणि स्वकष्टाने उभारलेले लहान पर्यटन-व्यवसाय आहेत ते क्षेत्र वगळावे, अशी ग्रामस्थांची मागणी आहे. एवढ्या साध्या मागणीला उत्तर मिळण्यास तीन दशके अपुरी पडली. अशा ठिकाणी मोजणीदाराच्या पाठोपाठ पोलिसांची गाडी येते आणि मग जमिनीचा प्रश्न सुव्यवस्थेचा प्रश्न होऊन बसतो.

हा बदल कसा घडतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. ग्रामस्थ विचारतात की जमीन कोणाची, पाणी कोठून येणार, होड्या कोठे लावायच्या. प्रशासनाच्या टिपणीत त्याच ग्रामस्थांची नोंद ‘संभाव्य धोका’ अशी होते. प्रश्न महसूल खात्याकडून गृहखात्याकडे जातो. तेथे प्रश्नांची उत्तरे देण्याची रीत नाही. तेथे जमावबंदी, प्रतिबंधात्मक अटक आणि तडीपारीची नोटीस यांचीच रीत आहे. एकदा टेबल बदलले की प्रकल्पाची चिकित्सा थांबते आणि चिकित्सा करणाऱ्यांची चौकशी सुरू होते.

कोकणातला गेल्या तीन दशकांचा इतिहास याची साक्ष देतो. खेड तालुक्यातील लोटे औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाडी नासली आणि मच्छिमारांचा धंदा बुडाला, ही तक्रार जुनी आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात तिची नोंद घेतलीच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट नोंदवली. २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली तब्बल १९१ दिवस सभा-जमावांवर बंदी होती. सव्वादोन वर्षांहूनही कमी अवधीत सहा महिन्यांहून अधिक काळ एका जिल्ह्याने एकत्र येऊन बोलायचे नाही! खाडी नासवणाऱ्यांवर इतके दिवस बंदी कधी आली होती काय? हा अहवालही सरकारने प्रथम दडवून ठेवला. माहितीच्या अधिकाराखाली झगडा करावा लागला, तेव्हा कोठे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला.

गुहागर तालुक्यातील एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प हा तर या विषयाचा मोठाच धडा होय. १९९७ मध्ये तेथील विरोधकांवर पोलिसी कारवाई झाली, वेलदूरच्या कोळीवाड्यातील बायाबापड्यांना पकडून नेण्यात आले, आणि अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी या दडपशाहीविषयी अहवाल प्रसिद्ध केला. प्रकल्पस्थळी तैनात असलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हे ह्युमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मांडले आहे. राज्याचे पोलीस आणि वेतनाचा भार कंपनीवर, अशी ती सुरक्षाव्यवस्था होती! त्यानंतर काय झाले? वीज इतकी महाग पडू लागली की वीज मंडळाला ती परवडेना. २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉन दिवाळखोरीत गेली. ज्यांना धोका ठरवून गजाआड केले ते मच्छिमार आणि शेतकरी करारातील धोका आधीपासून ओरडून सांगत होते. राज्याच्या तिजोरीला लागलेली गळती त्यांच्या घोषणांमुळे लागलेली नव्हती.

पुढे जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विरोधात १८ एप्रिल २०११ रोजी साखरीनाटे येथे गोळीबार झाला आणि एक तरुण मच्छिमार प्राणास मुकला. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादन अधिसूचना लोकांच्या विरोधामुळे २०१९ मध्ये सरकारला रद्द करावी लागली. परंतु तोच प्रकल्प बारसू-सोलगावच्या सड्यावर आणण्याचा घाट घातला गेला. एप्रिल २०२३ मध्ये तेथे मातीपरीक्षणासाठी यंत्रे आली तेव्हा स्त्रिया रस्त्यावर आडव्या झाल्या. शंभराहून अधिक जणांना ताब्यात घेतले गेले, पुढे लाठ्या आणि अश्रुधूर यांचा वापर झाला. या घटना मांडून पाहाव्यात आणि स्वतःशीच विचारावे : यात कोणाची सुरक्षा धोक्यात आली होती? रक्त कोणाचे सांडले?

यावर कोणी म्हणेल की वीज आणि तेल हे राष्ट्राच्या गरजेचे विषय आहेत, तेथे सरकारला कठोर व्हावे लागते. हे क्षणभर मान्य केले तरी पंचतारांकित विश्रामगृहाला कोणती राष्ट्रीय निकड आहे? पोहण्याच्या तलावासाठी आणि हिरवळीसाठी पोलीस बळाचा वापर करण्याचे समर्थन कोणत्या तत्त्वाने करावयाचे? येथे तर शासनाची भूमिका उघड आहे. गुंतवणूकदाराला शांतता हवी आहे, आणि ती शांतता गावकऱ्यांच्या मौनातून मिळवायची आहे.

कायद्याच्या अंगानेही पाहू. समुद्रकिनारा भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत मोकळा ठेवावा, असे पत्र पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ मध्ये किनारपट्टीच्या राज्यांना लिहिले. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने त्यास नियमाचे रूप आले आणि ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई झाली. त्यानंतर दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ही मनाई ५० मीटरवर आणून ठेवली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाची २००६ ची अधिसूचना खाणींना आणि कारखान्यांना जाहीर जनसुनावणी घालून देते. मात्र इमारत-बांधकाम प्रकल्पांना त्या सुनावणीतून मोकळे सोडते. निवासी पर्यटनाचे संकुल हे कायद्याच्या भाषेत बहुतेक वेळा ‘बांधकाम’ असते. म्हणजे ज्या मांडवात ग्रामस्थाने कायदेशीरपणे उभे राहून हरकत घ्यायची, तो मांडवच घातला जात नाही. मग तो रस्त्यावर बसतो, आणि रस्त्यावर बसला म्हणून गुन्हेगार ठरतो. दार बंद करणाऱ्याने दारावर धडका बसतात म्हणून तक्रार करावी, त्यातला हा प्रकार आहे.

दार उघडे असले की काय होऊ शकते, याचे उदाहरण केरळात आहे. वेंबनाड तलावातील नेडियतुरुतु बेटावर कापिको कंपनीने ५४ बंगल्यांचे आलिशान संकुल बांधले. तेथील मच्छिमारांनी न्यायालयात दाद मागितली. केरळ उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये संकुल पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तो कायम केला आणि २०२२-२३ मध्ये ते बंगले प्रत्यक्ष जमीनदोस्त झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शिक्कामोर्तब केले ते एवढ्यावरच की कायदा मच्छिमारांनी मोडला नव्हता. बांधणाऱ्यांनी आणि त्यांना परवाने देणाऱ्यांनी मोडला होता. बांधकामापूर्वीच त्यांचे ऐकून घेतले असते तर तलाव वाचला असता आणि कंपनीचा पैसाही वाचला असता.

आता घाटमाथ्याकडे वळू. कारण किनाऱ्यावरची ही गोष्ट आपल्या दारी आली आहे. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील २३५ गावे आणि सुमारे ११५० चौरस किलोमीटर प्रदेश ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थान प्रकल्पासाठी आखून त्याचे नियोजन महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले आहे. २०२४ मध्ये याच महामंडळाला कोकण किनाऱ्यावरील १०५ गावांतील विकासकेंद्रांसाठीही विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना नकाशे आखणारा हात एकच आहे. रस्ते बांधण्यासाठी जन्मलेली संस्था गावांचे भवितव्य आखणार आणि निवडून दिलेल्या ग्रामपंचायती हरकती-सूचनांच्या अर्जापुरत्या उरणार, ही या व्यवस्थेची रचना आहे.

या प्रदेशात सुरक्षेचा प्रश्न खरोखरच आहे. तो डोंगराच्या पोटात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरास एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडींखाली माणसे गाडली गेली. या उतारांचे पाणी कृष्णा-कोयनेतून सांगलीकडे जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी सांगलीकरांना काय दाखवले ते नव्याने सांगावयास नको. पुराची कारणे अनेक आहेत. अतिवृष्टी आहे, धरणांतील पाण्याचे व्यवस्थापन आहे, नदीपात्रातली अतिक्रमणे आहेत. पण उतार खोदून रस्ते काढायचे, झाडोरा उतरवायचा, पठारावर काँक्रीट ओतायचे आणि खालच्या गावांना नशिबाच्या हवाली करायचे, यास नियोजन म्हणता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर केंद्र सरकारने २००१ मध्येच संवेदनक्षम म्हणून अधिसूचित केला. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले. हे दोन्ही निर्णय सरकारचेच. त्यांचे स्मरण करून देणारा तरुण मात्र विकासविरोधी!

जमिनीचे काय होत आहे, हेही पाहावे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाने जी खोरी उठवली त्यांतील माणसे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीपर्यंत विखुरली. पुनर्वसनाच्या हक्कासाठी त्यांच्या नातवंडांना २०१८ मध्येही कोयनानगरला आठवड्यामागून आठवडे धरणे धरून बसावे लागले. ज्या कांदाटी खोऱ्यातून ही माणसे उठली, त्याच खोऱ्यातील झाडाणी येथील मोठ्या जमीनखरेदीचे प्रकरण २०२४ मध्ये उघडकीस आले, कमाल जमीनधारणा कायद्याखाली चौकशी सुरू झाली आणि राष्ट्रीय हरित लवादासही त्याची दखल घ्यावी लागली. धरणासाठी उठलेल्याला जमीन मिळण्यास दोन पिढ्या लागाव्यात, आणि बाहेरच्या धनिकाला शेकडो एकर जमिनीचे खरेदीखत सहज मिळावे, हा योगायोग नव्हे.

अशा वेळी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. विधेयकावर बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या, यावरून लोकांच्या मनातील शंका किती खोल आहे ते दिसते. संयुक्त समितीने काही बदल केले आणि रोख जहाल डाव्या संघटनांवर असल्याचे सांगितले. पण ‘बेकायदेशीर कृत्य’ या संज्ञेत प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेस उत्तेजन देण्याचाही समावेश करणारी व्याख्या ज्या शासनाच्या हाती असेल, त्याच्या हेतूंवर नव्हे तर त्या व्याख्येच्या रुंदीवर आपण लक्ष ठेवले पाहिजे. शिरोड्याला १९३० मध्ये मीठ उचलणारे काय करीत होते? त्याच वर्षी शिराळा तालुक्यातील बिळाशीकरांनी जंगलातून तोडून आणलेल्या सागाच्या खांबावर तिरंगा चढवला तेव्हा ते काय करीत होते? अन्यायी कायद्याची उघड, निःशस्त्र अवज्ञाच ना? सप्टेंबर १९३० मध्ये बिळाशीत गोळ्या झाडणाऱ्या सरकारच्या लेखी तो ‘सुरक्षेचा’च प्रश्न होता. आज आपण तेथील हुतात्म्यांना वंदन करतो आणि त्यांच्या मार्गाला मात्र धोका म्हणतो, ही विसंगती सत्तेने जनतेला समजावून द्यावी.

येथवर शासनाविषयी झाले. आता स्वतःविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आंदोलनात धोका नसतोच, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच १९३० च्या सप्टेंबरात, २५ तारखेस, उरणजवळ चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, सत्याग्रही हुतात्मे झाले. आणि त्या धुमश्चक्रीत सरकारी माणसे व खुद्द मामलेदारही मारले गेले. त्यानंतर साऱ्या परिसरावर दडपशाहीचा वरवंटा फिरला. जमावातून आलेला एक दगड शंभर निवेदनांचे काम पुसून टाकतो. बाहेरून पाठवलेला एखादा भडकावू माणूस मोर्चात शिरतो आणि दुसऱ्या दिवशी प्रकल्पाच्या आराखड्याऐवजी जळालेल्या गाडीचे छायाचित्र छापून येते. इस्लामपूरच्या आचार्य शं. द. जावडेकरांनी सत्याग्रही समाजवादाची मांडणी केली ती काही केवळ साधुवृत्तीपोटी नव्हे. दुर्बलांचे संघटन उघडेपणावर आणि शिस्तीवर टिकते. हिंसेच्या मैदानात बलवानच जिंकतो, हे त्यामागचे राजकीय शहाणपण आहे.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. जावळी-पाटणचा तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहतो. माथाडींच्या चाळींत जाऊन विचारले तर निम्मी गावे आपल्याच जिल्ह्याची निघतील. त्याला गावातच काम मिळत असेल तर पर्यटनाला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हा आक्षेप खरा आहे आणि त्यास घोषणेने उत्तर देता येणार नाही. प्रश्न पर्यटन हवे की नको हा नाहीच. जमिनीचा मालक पहारेकरी होणार आहे की व्यवसायाचा भागीदार, हा प्रश्न आहे. कासच्या पठारावर दररोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवून, प्रवेशशुल्क आकारून, भोवतालच्या गावांच्या समित्यांच्या हाती व्यवस्था देण्याचा मार्ग चोखाळला गेला. त्यातही उणिवा आहेत. परंतु गावकऱ्यांच्या हाती कारभार गेला म्हणून पठारावर आभाळ कोसळले नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते तेव्हा १९८० च्या दशकात बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी नुसता विरोध केला नाही. लोकवर्गणी, श्रमदान आणि मर्यादित वाळूविक्रीतून बळीराजा धरण उभे करून समन्यायी पाणीवाटपाचा पर्याय दाखवला. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या हातात दुसरा आराखडा असला की त्यास धोका ठरविणे सत्तेला जड जाते.

म्हणून सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांपुढे काही कामे आहेत आणि ती मोर्चाइतकी गाजणारी नाहीत. विकास आराखड्याची प्रत आणि नकाशे मराठीत गावोगाव वाचून दाखवावेत. कोणत्या गटावर रस्ता, कोणत्या गटावर विश्रामगृह आणि कोणत्या पाणवठ्यावर कोणाचा हक्क, हे सात-बारा हाती घेऊन तपासावे. नगररचना अधिनियमाखाली मुदतीत लेखी हरकती द्याव्यात आणि पोच घ्यावी. ग्रामसभेचे ठराव एकजात छापील न करता प्रत्येक गावाने आपल्या शब्दांत करावेत. दरडीच्या सावटाखालील वाड्यांची यादी तयार करून त्यांचे सुरक्षित स्थलांतर आधी, पर्यटनसंकुल नंतर, हा क्रम शासनाकडून मान्य करून घ्यावा. मोर्चा निघाला तर त्याची वेळ, मार्ग आणि स्वयंसेवकांची नावे आपण होऊन जाहीर करावीत. ज्याला काही लपवायचे नाही त्याला भीती कशाची? आणि वेळागरच्या ग्रामस्थांची बाजू या जिल्ह्यांत मांडावी. त्यांच्याशी आपले नाते केवळ सहानुभूतीचे नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावरून कृष्णा सांगलीकडे उतरते आणि सावित्री महाडवरून समुद्राकडे जाते. माथ्यावर जे होईल ते दोन्हीकडे पोहोचेल.

शासनाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. डोंगरउतारावरील आणि किनाऱ्यावरील प्रत्येक मोठ्या पर्यटन संकुलास, ते कायद्याने ‘बांधकाम’ असो वा नसो, जाहीर जनसुनावणी बंधनकारक करा. विशेष नियोजन प्राधिकरणाच्या आराखड्यास ग्रामसभांची संमती आवश्यक ठरवा. प्रकल्पविरोधाच्या काळात लावलेल्या जमावबंदीचे दिवस आणि कारणे विधिमंडळापुढे ठेवा. कोणत्याही खासगी कंपनीच्या खर्चाने किंवा सोयीने पोलीस दल उभे राहणार नाही, याची हमी द्या. शांततेने बसलेल्या माणसांवरील खटले मागे घ्या.

यांतील एकही मागणी राज्य उलथवून टाकणारी नाही. बंदोबस्त पाठवण्यापूर्वी गावात जाऊन बसावे आणि ऐकून घ्यावे, एवढेच तीत आहे. जे सरकार हे करील त्याला वेळागरात किंवा जावळीच्या खोऱ्यात पोलीस पाठविण्याची वेळ क्वचितच येईल. आणि जे करणार नाही, त्याने आपल्या भीतीचे मूळ आंदोलकांत शोधू नये.